सगळं वाळवण एकाच अंगणात?

२०२५ सालची गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. सकाळी आरती झाली, मोदक उकडायला ठेवले आणि टीव्हीवर बातमी लागली, अमेरिकेने भारतीय मालावर लावलेलं पन्नास टक्के आयातशुल्क आजपासून लागू. बाहेरच्या खोलीत पुरुषमंडळींनी कापड, कोळंबी आणि हिऱ्यांचं काय होणार यावर चर्चा सुरू केली. मी ओट्याशी उभी राहून वेगळाच हिशेब करत होते. आमच्या गटाने दिवाळीसाठी भाजणीचे तांदूळ-डाळी भरून ठेवल्या होत्या, तेलाचे डबे उधारीवर आणले होते. आणि दोनच दिवसांपूर्वी, २५ ऑगस्टला, टपाल खात्याने अमेरिकेची पार्सलं घेणं थांबवलं होतं.

तुम्ही म्हणाल, कुठे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आणि कुठे तुमच्या चकल्या! मलाही तसंच वाटायचं. पण मैत्रिणींनो, हल्ली जगातली घडामोड पेपरच्या पहिल्या पानावर राहत नाही, ती थेट आपल्या कढईत येऊन पडते.

आमचा चौदा जणींचा गट सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचा. वर्षभर पापड, मेतकूट, मसाले आणि दिवाळीत फराळ. खरी कमाई दिवाळीच्या आधीच्या दोन महिन्यांतली आणि त्यातला मोठा वाटा अमेरिकेला जाणाऱ्या डब्यांचा. ‘आमचा माल परदेशात जातो’ हे आम्ही अभिमानाने सांगायचो. हळदीकुंकवाला सांगायचो, बँकेत सांगायचो, तहसीलदार मॅडम आल्या तेव्हाही सांगितलं होतं.

मग नेमकं काय झालं? अमेरिकेत २०१६ पासून ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलवर आयातशुल्क लागत नव्हतं. ही सवलत तिथल्या सरकारने २९ ऑगस्ट २०२५ पासून सगळ्या देशांसाठी काढून घेतली. आता शुल्क कोणी गोळा करायचं, कसं भरायचं, हेच विमान कंपन्यांना आणि टपाल खात्यांना स्पष्ट नव्हतं. त्यामुळे आपल्याच नव्हे, इतरही अनेक देशांच्या टपाल खात्यांनी पार्सलं थांबवली. आपल्याकडे आधी सांगितलं, शंभर डॉलरपर्यंतच्या भेटवस्तू चालतील. मग ऑगस्ट संपता संपता तेही बंद झालं. सेवा पुन्हा सुरू झाली ती १५ ऑक्टोबरला. लक्ष्मीपूजन होतं २१ ऑक्टोबरला! सहा दिवसांत डबा सातासमुद्रापलीकडे पोचणार कसा? खासगी कुरियरवाले पाठवत होते, पण त्यांचे दर ऐकून लोक म्हणाले, ‘नको बाई, यंदा मुलांना पैसेच पाठवतो.’

आम्ही काय केलं? पुण्याच्या सोसायट्यांमध्ये ओळखी काढल्या, कमी नफ्यात माल विकला, तेलाची उधारी कशीबशी फेडली. वाटणीचे पैसे हातात पडले तेव्हा आमच्यातली एक जण काहीच बोलली नाही, नोटा मोजून पदरात बांधल्या आणि निघून गेली. त्या पैशांतून तिला मुलाच्या आयटीआयची फी भरायची होती. ते बघून मला रात्री झोप आली नाही.

दिवाळीनंतर आम्ही बसलो आणि पहिल्यांदाच स्वतःला खरा प्रश्न विचारला. आमचं गिऱ्हाईक नक्की कोण होतं?

उत्तर ऐकून आम्हीच चपापलो. आमचं गिऱ्हाईक अमेरिकेत नव्हतंच, ते आमच्याच गावात होतं. ज्यांची मुलं तिकडे आहेत ते आई-वडील आम्हाला रुपयांत पैसे द्यायचे, आम्ही डबा भरायचो आणि त्यांच्या नावाने भेट म्हणून तो पोस्टात जायचा. निर्यातीचा परवाना आमच्याकडे नव्हता. तिथल्या एकाही दुकानदाराला आम्ही ओळखत नव्हतो. आम्ही निर्यात करतच नव्हतो, आम्ही माया पाठवायला मदत करत होतो. काम चांगलंच होतं, पण त्याला परदेशी बाजारपेठ म्हणणं ही आमची चूक. शिवाय सगळं वाळवण एकाच अंगणात. एक सर आली आणि सगळं भिजलं.

मग ठरवलं, खरंच बाहेर विकायचं असेल तर आधी माहिती काढू. मुलीला स्थळ आलं की आपण काय करतो? मुलगा अमेरिकेत आहे एवढ्यावर होकार देत नाही. घर कसं, माणसं कशी, तिथलं खाणंपिणं काय, मुलीला जमेल का, हे दहा ठिकाणी विचारतो. देशाच्या बाबतीत मात्र आपण ‘तिकडे माझा भाचा आहे’ एवढ्यावर भाळतो!

माझी पुतणी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिचा लॅपटॉप, माझी वही आणि रोज जेवणं आटोपल्यावरचा एक तास, असं आमचं संशोधन तीन महिने चाललं. त्यात जे हाती लागलं ते तुमच्यासाठी सांगते.

पहिली गोष्ट, मालाचं जगातलं नाव. परदेशी व्यापारात पापडाला पापड म्हणत नाहीत, त्याला नंबर असतो. त्याला एचएस कोड म्हणतात. आपल्याकडे तो आठ आकडी असतो, त्यातले पहिले सहा आकडे जगभर सारखे. पापडाचा नंबर १९०५९०४०. हळदीचे पहिले सहा आकडे ०९१०३०. हा नंबर कळला की कुठल्या देशात किती शुल्क, कोण किती माल घेतो, हे सगळं शोधता येतं. जिनिव्हाच्या इंटरनॅशनल ट्रेड सेंटरचं ‘ट्रेड मॅप’ नावाचं संकेतस्थळ आहे. नाव नोंदवून ते फुकट बघता येतं. आपल्या वाणिज्य मंत्रालयाचेही आयात-निर्यातीचे आकडे उघड असतात.

पण इथे एक गंमत झाली. पुतणीने पापडाच्या नंबरावरून आकडे काढले आणि ओरडलीच, ‘काकू, बघा, केवढा बाजार आहे!’ मीही हरखले. नंतर लक्षात आलं, पहिल्या सहा आकड्यांत पापड एकटा नाही. बिस्किटं सोडली तरी पाव, केक आणि असले कितीतरी भाजलेले पदार्थ त्याच घरात राहतात. तो पैसा सगळा पापडाचा नव्हे. चिवडा-चकलीचंही तेच, ‘इतर खाद्यपदार्थ’ नावाच्या मोठ्या गाठोड्यात ते बांधलेले. हळदीचा आकडा मात्र हळदीचाच असतो. म्हणून मोठा आकडा दिसला की आधी विचारायचं, यात माझ्याशिवाय आणखी कोण कोण आहे?

दुसरी गोष्ट, आपला माल खाणार कोण? मेतकूट आणि पापड शेजारी ठेवून आम्ही विचार केला. मेतकूट-भात मराठी माणसालाच आठवतो. पापड मात्र गुजराती, पंजाबी, मारवाडी, तमिळ, सगळ्यांच्या ताटात असतो. म्हणजे मेतकूट विकायचं तर जिथे मराठी माणसं एकत्र येतात तिथेच. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, अमेरिकेतल्या मंडळांची मोठी संघटना १९८१ पासून. अशा मंडळांच्या कार्यक्रमांतून चव कळते, मागणी कळते. पण दुकानाच्या फळीवर बारा महिने टिकायचं तर पापडासारखा सर्वांचा पदार्थ हवा. ‘आपल्या हाताला चव आहे’ हे खरं असलं तरी त्यावरून मागणी किती आहे ते कळत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, तिथे काय चालत नाही? यावरून आमच्या गटात भांडणाची वेळ आली.

अमेरिकेऐवजी दुबई बघू असं ठरत होतं. संयुक्त अरब अमिरातीत पस्तीस लाखांहून जास्त भारतीय राहतात. न्हावाशेव्याहून जहाज एरवी आठवडाभरात पोचतं, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला महिनाभर किंवा जास्तच लागतो. फराळाच्या ताजेपणाला हा फरक फार मोठा. शिवाय त्या देशाशी आपला व्यापार करार १ मे २०२२ पासून लागू आहे, त्यामुळे पुष्कळ मालावरचं शुल्क कमी किंवा माफ झालं. सगळ्या जणी खूश. तेवढ्यात पुतणीने वाचून दाखवलं, तिथे खसखशीला बंदी आहे.

खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी. तिथल्या कायद्याने ती अमली पदार्थांच्या यादीत. सिंगापूरमध्येही तीच गोष्ट. आपल्याला त्याचं काहीच वाटत नाही, कारण आपल्या स्वयंपाकघरात ती डब्यात जिरे-मोहरीच्या शेजारी असते. पण अनारसा खसखशीवर थापतात, करंजीच्या सारणात खसखस, काही घरच्या गोड्या मसाल्यातही खसखस! नकळत तो डबा दुबईला गेला असता तर माल जप्त होण्यावर भागलं नसतं, तो घेणारा माणूस अडचणीत आला असता.

आमच्या गटात अनारसे करणाऱ्या एक मावशी आहेत. साठी उलटलेली, वीस वर्षं अनारशावर घर चालवलं. त्यांच्यासारखी जाळी कोणाला पडत नाही. त्या एकदम म्हणाल्या, ‘म्हणजे आता मला काढून टाकणार का तुम्ही?’ कोणालाच उत्तर सुचेना. माहिती काढण्याचा हा भाग कोणी सांगत नाही बघा. कागदावर ‘हा पदार्थ वगळा’ एवढंच असतं, पण त्या पदार्थामागे एक बाई असते.

दोन बैठका त्यावर गेल्या. शेवटी मावशींनीच तोडगा काढला. अनारसे आणि करंज्या पुण्या-मुंबईसाठीच राहतील, कारण तिथली मागणी तशीही पुरी होत नव्हती. बाहेरच्या मालासाठी परात, चाळणी, डबे वेगळे. बाहेर जाणाऱ्या मालाची खोलीच वेगळी आणि त्या खोलीची किल्ली मावशींकडे. ‘खसखशीचा दाणा मलाच ओळखू येतो,’ त्या म्हणाल्या. आज त्या खोलीत त्यांच्या परवानगीशिवाय कोणी पाऊल टाकत नाही!

असेच नियम दुधाच्या पदार्थांचे. ऑस्ट्रेलियात पेढे-बर्फीसारख्या मिठाईवर कडक निर्बंध आहेत. युरोपीय संघात तर दुधाचे पदार्थ घरगुती पार्सलमधूनही पाठवता येत नाहीत. म्हणून तुपातल्या लाडवाचा विचार करण्याआधी त्या देशाचा नियम बघायचा. मसाल्यांचं आणखी वेगळं. एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरने दोन प्रसिद्ध भारतीय कंपन्यांच्या काही मसाल्यांवर कारवाई केली होती, कारण त्यांत इथिलीन ऑक्साइड हे रसायन सापडलं असं त्यांचं म्हणणं होतं. मोठ्या कंपन्यांची ही गत, तर आपण प्रयोगशाळेच्या तपासणीशिवाय तिखटाचं पाकीट बाहेर पाठवायचा विचारही करू नये. मसाल्याच्या निर्यातीला स्पाइसेस बोर्डाची नोंदणीही लागते.

चौथी गोष्ट लेबल. आपण ‘घरगुती चव’ मोठ्या अक्षरांत छापतो. परदेशी दुकानदार आधी बारीक अक्षरं वाचतो. ज्या पदार्थांची ॲलर्जी असते ते ठळक लिहावे लागतात आणि प्रत्येक देशाची यादी वेगळी. अमेरिकेने २०२३ पासून तीळ त्या यादीत घातले. ब्रिटनच्या यादीत चौदा पदार्थ आहेत, त्यात शेंगदाणे, तीळ, गहू आहेतच, पण मोहरीसुद्धा आहे. म्हणजे फोडणी दिलेला आपला चिवडाही आला! अमिरातीत लेबल अरबीत हवं, उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख हवी. एकच लेबल सगळ्या देशांना चालेल हा भ्रम सोडायचा.

पाचवी गोष्ट करार. पेपरात बातमी येते, अमुक देशाशी मुक्त व्यापार करार झाला. आपण समजतो, उद्यापासून शुल्क माफ. तसं नसतं. ब्रिटनशी आपल्या करारावर २४ जुलै २०२५ रोजी सह्या झाल्या, पण सही म्हणजे अंमल नव्हे. त्यानंतर तिथल्या संसदेची प्रक्रिया असते. अमिरातीच्या करारालाही सहीपासून लागू व्हायला सव्वादोन महिने लागले होते आणि ते फार लवकर म्हणायचं. साखरपुडा झाला म्हणजे मुलगी सासरी गेली असं होत नाही ना! शिवाय सवलत आपोआप मिळत नाही. माल भारतातच बनला हे सांगणारं मूळस्थानाचं प्रमाणपत्र, म्हणजे मालाचा जन्मदाखला, सोबत लागतो. तो नसेल तर पूर्ण शुल्क.

आणि शुल्काचे दर? ते कायम राहतील असं धरून कधीही हिशेब मांडू नये. हे अमेरिकेने आम्हाला शिकवलं. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मधल्या हिशेबाने विक्रीच्या चार हजारांच्या मालावर दोन हजार शुल्क बसत होतं. पुढे त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेनेच चहा, कॉफी, मसाले अशा काही शेतमालाला वाढीव शुल्कातून सूट दिली, कारण तिथल्याच गृहिणींना महागाई बोचत होती. दरांची उलथापालथ त्यानंतरही चालूच राहिली. आम्ही आता वहीत प्रत्येक दरापुढे तो कोणत्या तारखेला पाहिला ते लिहितो. माल निघण्याआधी पुन्हा बघतो.

मग आम्ही काय ठरवलं? फार मोठं काही नाही. आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा क्रमांक काढला. घरबसल्या अर्ज होतो, फी पाचशे रुपये. स्वतः कंटेनर भरायच्या भानगडीत पडलो नाही. आधीपासून दुबईला माल पाठवणाऱ्या मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडे पापडाची पाकिटं दिली, पहिल्या खेपेचे पैसे आगाऊ घेऊन. नफा कमी मिळाला, पण कुठलं पाकीट फाटलं, कुठलं लेबल परत आलं, हे दुसऱ्याच्या जहाजावर शिकायला मिळालं. ब्रिटनसाठी मेतकुटाचं लेबल तयार करतोय. अमेरिकेचे डबेही बंद केले नाहीत. आई-वडिलांची माया थोडीच थांबते! फक्त त्याला आता आम्ही निर्यात म्हणत नाही आणि त्याच्या भरवशावर उधारी करत नाही.

दुबईवरही सगळा भार टाकलेला नाही. तांबड्या समुद्रात २०२३ च्या अखेरीस जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि युरोपला जाणारा माल आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागला, हे आपण पाहिलंय. उद्या कोणत्या अंगणात पाऊस पडेल ते सांगता येत नाही. म्हणून आमचा नियम ठरलाय, कुठल्याही एका देशाकडून वर्षाच्या कमाईचा तिसरा हिस्सा, त्याहून जास्त नाही. पुणे-मुंबई हे आमचं घरचं ओसरीचं वाळवण, ते आधी.

सरकारबद्दलही दोन शब्द. सोयी नाहीत असं मी म्हणणार नाही. पोस्टात डाक निर्यात केंद्रं आहेत, सप्टेंबर २०२४ पासून ‘ट्रेड कनेक्ट’ नावाचं संकेतस्थळ आहे, जिल्हा उद्योग केंद्र आहे. पण २५ ऑगस्टची बातमी आम्हाला पोस्टाच्या खिडकीवर, हातात डबा घेऊन उभं असताना कळली. सवलत जाणार हे अमेरिकेने ३० जुलैलाच जाहीर केलं होतं. मधल्या जवळजवळ चार आठवड्यांत कोणी तालुक्यापर्यंत मराठीत एक कागद पाठवला असता, तर आम्ही तेल उधारीवर आणलंच नसतं. बचत गटांना कर्ज देण्याचे मेळावे होतात, फोटो निघतात. त्याच मेळाव्यात ‘या महिन्यात कुठल्या देशाचा कुठला नियम बदलला’ हे कोणी अर्धा तास सांगितलं, तर ते कर्ज बुडणार नाही. पुढच्या मेळाव्याला आपण हे मागायला हवं. मागितल्याशिवाय मिळत नाही, हे आपल्याला घरातही ठाऊक आहेच.

परवा मावशी त्यांच्या खोलीची किल्ली कमरेला खोचत मला म्हणाल्या, ‘बाई गं, इतकी वर्षं मी अनारसा जाळीदार झाला की नाही तेवढंच बघायचे. तो जातो कुठे ते कधी विचारलंच नाही.’

आपण सगळ्यांनीच ते विचारायला सुरुवात करू या. एक वही घ्या. पहिल्या पानावर आपल्या मालाचं नाव लिहा, त्याच्यासमोर त्याचा नंबर. आणि त्याखाली एकच ओळ: हा माल मागतंय कोण, नातं की बाजार?